वांग की मुरमाचा डाग? औषध आणि लेझरचा हिशोब दोघांचा वेगळा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच ट्यूब दोघींच्या चेहऱ्याला लागत होती. दुसऱ्या बाळंतपणात माझ्या दोन्ही गालांवर वांग आला तो गेलाच नाही. भाचीच्या हनुवटीवर फोडलेल्या मुरमांचे काळे ठिपके होते. रंग दोन्हींचा तपकिरी, म्हणून औषधही एकच, असं आम्ही ठरवून टाकलं. ट्यूब मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळाली. पहिल्या महिन्यात दोघींचे चेहरे उजळले. मग तिची मुरमं दुपटीने वाढली आणि माझे गाल उन्हात लाल होऊन चुरचुरायला लागले. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं.

खरं तर हे दोन डाग ओळखायला फार अवघड नाहीत. वांग बहुधा दोन्ही बाजूंना सारखा येतो: गाल, कपाळ, नाक, वरचा ओठ. कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या असतात आणि तिथे आधी पुटकुळी वगैरे काही झालेलं नसतं. मुरमाचा डाग मात्र जिथे मुरूम होतं तिथेच आणि तेवढाच. भाजलं, वॅक्सिंगने सोललं, एखादं क्रीम झोंबलं तरी असाच डाग राहतो.

आतली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मुरमाचा डाग म्हणजे आग विझल्यावर भिंतीवर राहिलेली काजळी. वांगात चूल अजून पेटलेलीच असते. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातला कल, यांमुळे मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी सतत कामाला लागलेल्या असतात.

लेझर काजळी झाडतो. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या १०६४ नॅनोमीटरच्या लेझरचे झोत सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावे लागतात, इतके ते छोटे असतात. ते रंगद्रव्याचे कण फोडतात आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी तो चुरा वाहून नेतात. चूल विझवणं हे त्याचं काम नाही. उलट त्याची उष्णता जास्त झाली तर आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत ती चूल आणखी भडकते.

म्हणून वांगात औषध आधी. हायड्रोक्विनोन किंवा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड मेलॅनिन तयार होण्याच्या वाटेतच आडवं येतं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध) आणि स्टेरॉइड एकत्र करण्याची युक्ती क्लिगमन आणि विलिस या त्वचातज्ज्ञांनी १९७५ मध्ये मांडली, आणि तिची सुधारित रूपं आजही दिली जातात, पण ठरावीक आठवडेच आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. २०१८ पासून आपल्याकडे अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. तरी ती हातोहात मिळतात, याचा मला मनापासून राग येतो. हट्टी वांगाला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही देतात. पाळीच्या जास्त रक्तस्रावावर देतात तेच हे औषध. तुम्हाला किंवा घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते सांगा, कारण या औषधाने गुठळीचा धोका वाढू शकतो. गरोदर असाल तर तेही आधी सांगा, कारण यातली बरीच औषधं तेव्हा चालत नाहीत.

काही आठवडे औषध लावून चूल मंद झाली आणि तरी डाग अडून बसला, तरच लेझर: कमी ताकदीचा, सेशनमध्ये अंतर ठेवून, आणि नंतरही औषध चालू ठेवून. 'दहा सेशनचं पॅकेज घ्या, वांग कायमचा जाईल' असं कुणी म्हणालं तर उठून या. फार वेळा लेझर मारला तर त्वचेवर पांढरे ठिपके पडू शकतात, आणि त्यांवर इलाज वांगापेक्षाही कठीण.

मुरमाच्या डागाचं गणित सोपं आहे. आधी मुरमं थांबवायची, नाहीतर रोज नवी काजळी. अ‍ॅडापॅलिनसारखं औषध मुरमं आणि डाग दोन्हींवर चालतं. वरवरचे डाग काही महिन्यांत फिके होतात. निळसर-राखाडी दिसणारे खोल असतात, त्यांना वर्षही लागतं. इथे लेझरची पाळी क्वचित आणि शेवटी येते, कारण झोत जोराचा झाला तर नव्या जखमेचा नवा डाग.

उन्हापासून जपायचं दोघींनाही. पण पुण्यात आपण गाडीवर स्कार्फ गुंडाळला की काम झालं असं समजतो. वांगाला अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही भोवतो, आणि पातळ ओढणीतून तो बराच आत येतो. म्हणून हा प्रकाश अडवणारं आयर्न ऑक्साइड असलेलं, रंग असलेलं सनस्क्रीन, दोन बोटांवर मावेल एवढं, आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा.

भाचीचे ठिपके आता जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत, एकही लेझर न घेता. माझं लेझर डॉक्टरांनी दिवाळीनंतरवर ढकललंय. आधी स्टेरॉइडने पातळ झालेली त्वचा सावरू दे, म्हणाल्या.