सजदा-ए-शुक्र

सजदा-ए-शुक्र : (अरबी – सुजूद अश्-शुक्र). एखादी नवी कृपा लाभल्यावर किंवा अंगावर आलेले संकट टळल्यावर अल्लाहचे आभार मानण्यासाठी नमाजाबाहेर केला जाणारा एकच सजदा (जमिनीला कपाळ टेकून नमन). उर्दूच्या वळणाने ‘शुक्राचा सजदा’ किंवा ‘शुक्राना सजदा’ असेही म्हणतात. नमाजातला सजदा, नमाजातील चुकीबद्दलचा सजदा (सह्व) आणि कुराणातील ठरावीक आयती वाचताना करायचा सजदा (तिलावत) यांहून तो वेगळा आहे. फिक्हच्या (इस्लामी धर्मशास्त्राच्या) ग्रंथांत त्याला स्वतंत्र प्रकरण क्वचितच मिळते. बहुधा तिलावतीच्या सजद्यामागे दोन-चार परिच्छेदांत तो उरकलेला असतो. त्याच्या मुळाविषयीचा वाद मात्र या जागेच्या मानाने बराच मोठा आहे.

‘सजदा’ हा शब्द स-ज-द (वाकणे, जमिनीला कपाळ टेकणे) या धातूपासून झाला असून ‘मस्जिद’ (मशीद) त्याच धातूचा. हा धातू मूळ अरबी की अरॅमाइकमधून आलेला, याविषयी एकमत नाही. अरॅमाइकमध्ये स-ग-द हा धातू पूजेतील नमनासाठी जुना आहे. इजिप्तमधील एलिफंटाइन येथील इ. स. पू. पाचव्या शतकातील कागदपत्रांत ‘मसगदा’ हे रूप आढळते आणि नबातियन कोरीव लेखांतही ते येते. शब्द इस्लामपूर्व काळातच उत्तरेकडून अरबीत रुळला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘शुक्र’चा मराठीतील ग्रहवाचक शुक्राशी काही संबंध नाही. थोड्याच चाऱ्यावर धष्टपुष्ट दिसणाऱ्या जनावराला जुने अरबी कोशकार ‘शकूर’ म्हणतात. खाल्लेले अंगावर दिसणे, हा तो अर्थ. कुराणात शुक्रच्या विरोधात ‘कुफ्र’ येतो (१४:७, ७६:३), म्हणजे तेथे कुफ्रला कृतघ्नतेची छटा आहे.

कुराणात या सजद्याची थेट आज्ञा नाही. सारा आधार हदीसचा (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरागत वृत्तांचा) आहे, आणि तेथेच मतभेदाला सुरुवात होते. सर्वांत जास्त उद्धृत होणारी हदीस अबू बक्रा या सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या सहवासातील अनुयायाची (हे पहिले खलिफा अबू बक्र नव्हेत, नावांच्या साम्यामुळे दुय्यम पुस्तकांत हमखास घोटाळा होतो). आनंदाची बातमी आली की मुहंमद पैगंबर अल्लाहचे आभार मानत सजद्यात जात, असे ती सांगते. अबू दाऊद, तिर्मिझी व इब्न माजा या तिघांच्या संग्रहांत ती आहे. तिर्मिझींनी तिला ‘हसन गरीब’ ठरवले, म्हणजे चांगली, पण एकाच वाटेने आलेली. त्या वाटेवरील बक्कार हा अबू बक्रांचा नातू काही परीक्षकांना कच्चा वाटतो. बहुतेक विद्वानांचे आचरण याच हदीसनुसार आहे, अशी जोडही तिर्मिझी देतात. दुसरी हदीस बरा इब्न आझिब यांची. यमनमधील हमदान टोळीने इस्लाम स्वीकारल्याचे अली (पैगंबरांचे जावई) यांचे पत्र आले, तेव्हा पैगंबरांनी सजदा केला, असे तीत आहे. या घटनेचा पहिला भाग बुखारींच्या हदीससंग्रहात आहे, सजद्याचा उल्लेख मात्र नाही. तो हदीससंग्राहक बैहकींनी दिला आणि बुखारींच्या कसोटीवर सनद (सांगणाऱ्यांची साखळी) उतरते असे म्हटले. पैगंबरांवर दरूद (आशीर्वचन) पाठवणाऱ्यावर अल्लाहही कृपा करतो, ही वार्ता जिब्रील या देवदूताने आणल्यावर पैगंबरांनी दीर्घ सजदा केल्याचे अब्दुर्रहमान इब्न औफ यांच्याकडून आले आहे.

या सर्वांत सनदीच्या दृष्टीने निर्विवाद असा प्रसंग काब इब्न मालिक यांचा. हि. स. ९ (इ. स. ६३०) मधील तबूकच्या मोहिमेला काब, मुरारा इब्न रबी व हिलाल इब्न उमय्या हे तिघे सबळ कारणाशिवाय गेले नाहीत. त्यांच्याशी बोलणे मदिनेत बंद झाले. या बहिष्काराच्या पन्नासाव्या रात्रीनंतरच्या पहाटे काब घराच्या छतावर फज्रची (पहाटेची) नमाज आटोपून बसले असता सल्अ टेकडीवरून कोणीतरी ओरडले, “काब, आनंदाची बातमी!” आपल्याला क्षमा झाली हे ओळखून काब तिथेच सजद्यात पडले. बातमी घेऊन आलेल्याला त्यांनी अंगावरची दोन्ही वस्त्रे दिली आणि स्वतः उसनी नेसून पैगंबरांकडे गेले. बुखारी व मुस्लिम दोघांकडे ही हकिकत काबांच्याच तोंडून आहे. पण हा सजदा सहाबीचा, पैगंबरांच्या डोळ्यांसमोर झालेला नव्हे. पैगंबरांच्या हयातीत घडला आणि त्याला कोणी हरकत घेतली नाही, यावर पाठीराख्यांची भिस्त आहे. यमामाच्या लढाईतील विजयाची बातमी आल्यावर खलिफा अबू बक्र यांनी आणि नहरवानच्या लढाईत (हि. स. ३८) खारिजींच्या (अलींविरुद्ध उठलेल्या गटाच्या) प्रेतांत पैगंबरांनी सांगितल्या खुणेचा माणूस सापडल्यावर अली यांनी सजदा केल्याच्या रिवायतीही (वृत्तेही) पुढे केल्या जातात.

मदिनेचे इमाम मालिक (मालिकी पंथाचे प्रवर्तक, मृ. इ. स. ७९५) यांना यातले काही पटले नाही. अबू बक्र यांच्या यमामाच्या सजद्याविषयी विचारले असता, आपण असे काही ऐकलेले नाही आणि अबू बक्र यांच्या नावावर हे कोणीतरी खोटेच खपवले असावे, असे त्यांनी म्हटल्याचे उतबी या मालिकी विद्वानाच्या संग्रहात आहे. त्यांचा युक्तिवाद असा : पैगंबरांना आणि त्यांच्यामागून मुसलमानांना इतके विजय लाभले, त्या वेळी कोणी असा सजदा केला असता, तर ती गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली असती. ती राहिली नाही, म्हणजे ती घडली नाही. या संग्रहावर भाष्य करणारे इब्न रुश्द (तत्त्वज्ञ इब्न रुश्दांचे आजोबा, मृ. ११२६) यांनी याला तत्त्वाचे रूप दिले. भाजीपाल्यावर जकात (धर्मदाय कर) घेतल्याचे कोठे सांगितलेले नाही, यावरूनच मालिक भाजीपाल्यावर जकात नाही असे ठरवतात. तोच न्याय येथे लागतो. पुढे अंदलूसचे शातिबी (मृ. १३८८) यांनी बिदअतच्या (धर्मात घुसवलेल्या नव्या प्रथांच्या) चर्चेत हेच उदाहरण घेतले, आणि एका लहानशा सजद्यावरून ‘कायदा देणाऱ्याचे मौन’ हा उसूलचा (फिक्हच्या मूलतत्त्वांचा) मोठा प्रश्न उभा राहिला. नोंद नसणे हा न घडल्याचा पुरावा मानायचा, तर ती गोष्ट नोंदली जाण्यासारखी ठळक असावी लागते. क्षणभराचा, एकट्याने केलेला सजदा तितका ठळक खासच नाही. शिवाय मदिनेत न ऐकलेली हदीस बसऱ्यात सांगितली जात असणे अशक्य नव्हते. अबू बक्रांचे घराणे बसऱ्याचेच. खुद्द मालिकी पंथात इब्न हबीब यांनी हा सजदा मान्य केला. पंथाचे प्रचलित मत मात्र तो मकरूह (नापसंत) असेच राहिले.

अबू हनीफा (हनफी पंथाचे प्रवर्तक, मृ. ७६७) यांचे म्हणणे ‘मी याला काही मानत नाही’ अशा आशयाच्या तोकड्या शब्दांत पोचले आहे, आणि अनुयायांनी त्याचे तीन अर्थ लावले : तो मकरूह आहे; तो वाजिब (बंधनकारक) नाही एवढेच; किंवा त्याने आभार पुरते होत नाहीत, दोन रकात (आवर्तने) नमाज हेच पुरते आभार. अल्लाहच्या कृपा अखंड चालू असतात, प्रत्येकीला सजदा म्हटला तर माणूस दुसरे काही करूच शकणार नाही, असेही कारण दिले जाते. शिष्य अबू यूसुफ व मुहंमद शैबानी यांनी त्याला पुण्यकर्म मानले आणि नंतरच्या हनफी फतव्यांनी त्यांचीच बाजू घेतली. शाफिई व हंबली या इतर दोन सुन्नी पंथांत तो सुन्नत (पैगंबरांच्या रीतीनुसार इष्ट) आहे. अखंड कृपेच्या आक्षेपाला त्यांचे उत्तर सरळ आहे : सजदा नव्याने आलेल्या कृपेचा असतो, श्वास, दृष्टी यांसारख्या सततच्या देण्यांचा नव्हे.

कुराणातील ‘साद’ या अध्यायातील सजदा (३८:२४) हा याच वादाचा फाटा. दाऊद पैगंबरांनी तो पश्चात्तापाने केला, आम्ही कृतज्ञतेने करतो, असे वचन सहाबी इब्न अब्बास यांच्यामार्फत नसाईंच्या हदीससंग्रहात आले आहे. त्यावरून शाफिई व हंबली त्याला तिलावतीचा नव्हे, तर शुक्राचा सजदा मानतात. शुक्राचा सजदा नमाजात करता येत नाही. म्हणून जाणूनबुजून तो नमाजात केल्यास शाफिईंच्या प्रमाण मतानुसार नमाज मोडते. हनफी व मालिकी त्याला तिलावतीतच मोजतात. हनफी व शाफिई दोघांकडेही तिलावतीचे सजदे चौदाच भरतात, पण यादी एक नाही : हनफी ‘साद’ धरतात, तर शाफिई त्याऐवजी ‘हज’ अध्यायातील दुसरा.

विधी साधा आहे. बहुसंख्य शाफिई व हंबली फकीह (धर्मशास्त्री) नफल (ऐच्छिक) नमाजाच्या अटी लावतात : वजू (हात-पाय-तोंड धुऊन शुद्धी), किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) तोंड, अंग झाकलेले, तक्बीर (‘अल्लाहु अकबर’) म्हणून एक सजदा, शेवटी सलाम. वेगळा ठरलेला मंत्र नाही, नेहमीची तस्बीह (अल्लाहचे स्तुतिवचन) पुरते. प्रवासात वाहनावर खुणेने केला तरी शाफिईंकडे चालतो. व्याधिग्रस्त माणूस दिसल्यावर, आपण वाचलो म्हणून सजदा करायचा असेल, तर तो त्याच्या नजरेआड करावा, म्हणजे त्याचे मन दुखावणार नाही, ही सूचना बहुतेक ग्रंथांत आवर्जून येते. इब्न तैमिया (मृ. १३२८) यांना यातल्या नमाजाच्या अटी मान्य नाहीत. बातमी अचानक येते, माणूस त्याच क्षणी झुकतो, आणि वजूची आज्ञा कोठे मिळत नाही, असे या बाजूने म्हटले जाते. यासाठी काबांचा दाखला देतात; पण तो फारसा भक्कम नाही, कारण ते नुकतेच फज्र पढून बसले होते, वजू असण्याचाच संभव अधिक. हे मत घेतल्यास मासिक पाळीतील स्त्रीलाही हा सजदा करता येतो.

नमाज संपताच रोज हा सजदा करण्याला हनफी ग्रंथ मकरूह म्हणतात. अजाण लोक त्याला सुन्नत वा वाजिब समजू लागतील, हे कारण. नेमका याच जागी इमामी (बारा इमाम मानणाऱ्या) शिया परंपरेत तो मुस्तहब (इष्ट) आहे. तेथे कपाळ, मग उजवा गाल, डावा गाल, पुन्हा कपाळ असे क्रमाने जमिनीला टेकतात, हात पसरून छाती-पोट भुईला लावतात आणि ‘शुक्रन लिल्लाह’ (अल्लाहचे आभार) किंवा ‘अफ्वन’ (क्षमा) शंभर वेळा म्हणतात. वेळ नसल्यास तीनदा ‘शुक्रन’ पुरते. कपाळाखाली करबलाच्या मातीची सजदागाह (छोटी वडी) असते. चौथे इमाम अली इब्न हुसैन यांच्या ‘सज्जाद’ या उपाधीचे एक कारण, कृपेची आठवण झाली की ते सजदा करीत, असे त्यांचे पुत्र बाकिर यांच्याकडून सांगितले आहे. मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजानंतर) हा सजदा नफलच्या आधी करावा की नंतर, याविषयी दोन मते आहेत.

इतिहासग्रंथांत विजयानंतरचे सजदे अनेक आहेत. हत्तीनच्या लढाईत (११८७) फ्रँक राजाचा तंबू कोसळताच सलाहुद्दीन घोड्यावरून उतरला, सजद्यात गेला आणि आनंदाने रडला, हे त्याचा पुत्र अफजल याच्या शब्दांत इब्न अल्-असीर देतो. अकबराच्या दरबारात बादशहापुढे होणारा सिजदा ही निराळी गोष्ट. तो शाहजहानने बंद केला.

अलीकडे हा सजदा सर्वाधिक दिसतो तो खेळाच्या मैदानावर : शतकानंतर पाकिस्तानचा मुहंमद यूसुफ, गोलनंतर इजिप्तचा मुहंमद सलाह. अमेरिकन फुटबॉलमध्ये हुसैन अब्दुल्ला याला सप्टेंबर २०१४ मध्ये अशा सजद्याबद्दल पंचांनी दंड केला. दंड व्हायला नको होता, असे लीगने दुसऱ्याच दिवशी कबूल केले. नमाजाच्या अटी लावणाऱ्या फकीहांच्या मते गोलजाळीच्या दिशेने, गुडघ्यावरच्या चड्डीत केलेल्या या सजद्यात किब्ला व अंग झाकणे या दोन्ही अटी अडतील. इब्न तैमिया यांच्या मताने अडचण उरत नाही.