नाकाता फक्त जर्सी विकायला आला होता?

जपानी फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता इटलीत गाजला तो जपानमध्ये जर्सी खपतात म्हणून, असं अजूनही सांगितलं जातं. जर्सी खपल्या, हे खरंच. पण मायदेशी काझुयोशी मिउरा हा फुटबॉलपटूही केवढा लाडका! तरी १९९४-९५ मध्ये इटलीतल्या जेनोआ क्लबकडून त्याचा एकच गोल झाला. नाकाताने १९९८ मध्ये पेरुजाकडून पदार्पणातच युव्हेंटसवर दोन गोल केले आणि त्या मोसमात सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, दहा. मे २००१ मध्ये त्याचा तेव्हाचा क्लब रोमा तुरीनमध्ये युव्हेंटसविरुद्ध ०-२ मागे. कर्णधार तोत्तीऐवजी नाकाता उतरला, त्याने लांबून जबरदस्त गोल केला. त्याचाच पुढचा फटका गोलरक्षकाने परतवला, त्यावर रोमाच्याच मोंतेल्लाने बरोबरी साधली. त्या मोसमात रोमा सेरी आची विजेती ठरली. हे जर्सीच्या खपाने होत नसतं.