खिडकीबाहेर 68 अंश

यंदा मे महिन्यात आमच्या खिडकीबाहेर 68 अंश तापमान होतं. निदान कूलर तरी तसं सांगत होता. नागपूरचं ऊन बदनाम आहे, पण पारा 45 वर गेला की आम्ही ‘लय तापलं बाप्पा’ म्हणतो. 68 म्हणजे अतीच झालं!

कूलरला मेंदू बसवायची हौस शेजारच्या इंजिनिअरिंगवाल्या पोराची. सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला, प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड, तापमान मोजणारा एलएम35 सेन्सर, पंप चालू-बंद करायला रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच. गेला उन्हाळा झकास गेला. यंदा बोर्ड बिघडला, त्याने नवा टाकला आणि आकडा चढला. “काका, सेन्सर तोच, प्रोग्रॅमबी तोच आहे ना जी,” तो डोकं खाजवत म्हणाला.

घोळ तिथेच होता. एलएम35 दर अंशाला 10 मिलिव्होल्ट देतो, म्हणजे 45 अंशांना 450. जुना बोर्ड 5 व्होल्टचे 1024 भाग पाडून मोजायचा, त्यात हे 92 भाग भरतात. नवा बोर्ड मोजतो 3.3 व्होल्टवर. तिथे तेच 450 मिलिव्होल्ट 139 भाग झाले आणि प्रोग्रॅमने जुन्या सवयीने 5 व्होल्ट धरून त्याचे 68 अंश केले. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

कूलर, वॉशिंग मशीन, लिफ्ट यांच्या पोटातल्या अशा छोट्या संगणकाला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. ती सुट्या भागांतून जुळवायची, तर प्रत्येक भागासोबत त्याच्या अटी लिहाव्या लागतात: किती व्होल्ट, किती मेमरी, किती वेळात उत्तर. प्रोग्रॅम हाही त्यातलाच एक भाग. अटी नीट लिहिल्या, तर एखादं काम सर्किटने करायचं की प्रोग्रॅमने, हे दोन्ही समोर ठेवून ठरवता येतं. यालाच को-डिझाइन म्हणतात.

साधं बटण घ्या. दाबलं की आतली पत्री काही मिलिसेकंद थरथरते आणि बोर्डाला ते अनेकदा दाबल्यासारखं वाटतं. ही थरथर गिळायला सर्किटमध्ये कपॅसिटर-रेझिस्टर हे दोन सुटे भाग लावा, किंवा प्रोग्रॅमला 20 मिलिसेकंद थांबून पुन्हा बघायला सांगा. लाखभर नग काढणारा दुसरा उपाय घेणार, कारण त्यात दर नगामागे खर्च नाही.

पण ही काटकसर सगळीकडे चालत नाही. कॅनडात बनलेल्या थेरॅक-25 या किरणोपचार यंत्रात आधीच्या थेरॅक-20 मधली स्वतंत्र हार्डवेअर कुलुपं, म्हणजे धोका दिसला की प्रोग्रॅमला न विचारता यंत्र अडवणारी सर्किटं, काढून सुरक्षा प्रोग्रॅमवर सोपवली होती. 1985 ते 1987 दरम्यान सहा रुग्णांना किरणांची भयंकर मात्रा बसली, काही दगावले. तसलीच एक चूक थेरॅक-20 च्या प्रोग्रॅममध्येही निघाली. पण कुलुपं जागेवर असल्याने तिथे फक्त फ्यूज उडायचे.

पोराने आकडेमोडीतले 5 बदलून 3.3 केले. टाकीतलं पाणी संपल्यावर पंप बंद करायचं कामही त्याला प्रोग्रॅमकडे द्यायचं होतं. मी ऐकलं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारा आणि पाणी उतरलं की वीज तोडणारा स्विच, थेट पंपाच्या वायरीत घालून घेतला. बोर्डाला त्याचा पत्ताही नाही.