ल्युकेमियाग्रस्त मातेच्या सिझेरियनसाठी भूल

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. तो साधारण पाऊण ते एक लाख गरोदरपणांत एखाद्या मातेला होतो. सिझेरियनला एरवी कमरेत इंजेक्शन देतात. बाई जागी असते, बाळाचे पहिले रडणे ऐकते. इथे मात्र आधी रक्ताचा ताजा अहवाल हवा.

मुख्य अडचण प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींची, ज्यांना घरोघरी नुसते ‘पेशी’ म्हणतात. सुईने मणक्यातली शीर दुखावली आणि रक्त थांबले नाही, तर आत गुठळी होऊन मज्जारज्जू दाबला जातो आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. एरवीच्या निरोगी मातेत ७० हजारांच्या वर प्लेटलेट असतील तर कमरेची भूल बहुधा चालते. ५० ते ७० हजारांत फायदा-धोका तोलतात, त्याखाली सहसा टाळतात. ल्युकेमियात एवढ्या आकड्यावर विसंबता येत नाही. पेशी झपाट्याने उतरतात, आणि ल्युकेमियाच्या प्रोमायलोसायटिक नावाच्या प्रकारात रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. म्हणून कालचा आकडा आज धरू नये. रक्तात कर्कपेशी फिरत असतील तर सुईबरोबर त्या मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात शिरण्याचीही भीती असते.

पूर्ण भूल म्हणजे सोपी सुटका नव्हे. गरोदरपणात घसा सुजलेला असतो, नळी घालताना रक्त येते. टी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या ल्युकेमियात छातीत गाठ असली तर उताणे झोपवताच श्वास कोंडतो. डॉनोरुबिसिन हे हृदयाला अपाय करू शकणारे केमोचे औषध दिले असेल तर आधी हृदयाची इको करावी. उलटी टाळण्यासाठी सर्रास टोचले जाणारे डेक्सामेथासोन उपचार न झालेल्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात कर्कपेशी एकदम फोडून रक्तातले पोटॅशियम धोकादायक चढवू शकते. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जंतुसंसर्गाच्या भीतीमुळे दुखण्यासाठी गुदद्वारातून डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नये.

मराठवाड्यात निदानच उशिरा होण्याचा धोका मोठा. ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या तपासण्या हुकतात. थकवा आणि फिकटपणा ‘रक्त कमी’ म्हणून लोहाच्या गोळ्यांवर निभावला जातो. बीपीचा पट्टा सोडल्यावर दंडावर लाल ठिपके उमटलेले दिसले, तर त्याच दिवशी रक्ताची पूर्ण तपासणी करावी. अशा मातेला अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी अशा मोठ्या रुग्णालयात वेळेत पोचवणे भुलीच्या निवडीइतकेच मोलाचे, कारण प्लेटलेटची पिशवी २० ते २४ अंशांत, सतत हलती ठेवूनही जेमतेम पाच दिवस टिकते, म्हणून लहान ठिकाणी तिचा साठा ठेवणे अवघड. सोबतच्या चिठ्ठीत शेवटची केमोथेरपी कधी झाली आणि रोजचे आकडे काय होते, हे तारखेसह लिहावे.