सर्वसाधारण विजेतेपद (अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा)

अमेरिकेतील विद्यापीठांनी एका शैक्षणिक वर्षात सगळ्या खेळांत मिळून केलेली कामगिरी गुणांत मोजून त्यांचा क्रम लावण्याची पद्धत. ही मोजणी दोन पातळ्यांवर होते. एक, कॉन्फरन्सपुरती, म्हणजे ठरावीक विद्यापीठांच्या गटात. दुसरी, देशभरातल्या सर्व विद्यापीठांत मिळून. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळनिहाय विजेते ठरल्यावर शेवटी जो ‘जनरल चॅम्पियनशिप’चा करंडक दिला जातो, त्याच जातीची ही गोष्ट, मात्र तिच्यामागचा पैसा आणि पसारा कितीतरी मोठा आहे.

कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपापसांत खेळायचे ठरवलेल्या विद्यापीठांची संघटना. बिग टेन (१८९६), साउथईस्टर्न कॉन्फरन्स म्हणजे एसईसी (१९३२) आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स म्हणजे एसीसी (१९५३) या त्यांतील नामांकित. देशपातळीवरील अजिंक्यपदे १९०६ मध्ये स्थापन झालेली एनसीएए ही संस्था भरवते. तिच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागात राहायचे तर विद्यापीठाला किमान १४ खेळांचे संघ ठेवावे लागतात. अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च गटात खेळणाऱ्यांना १६. टीव्हीचा पैसा, भरलेली मैदाने आणि वर्तमानपत्रांतले मथळे यांतला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल घेऊन जातात. पहाटे पाचला तलावात उतरणारे जलतरणपटू, रोइंगचे संघ, तलवारबाज, कुस्तीगीर यांची दखल क्वचितच कोणी घेते. सर्वसाधारण विजेतेपदाच्या तक्त्यात मात्र गोल्फच्या संघाला फुटबॉलच्या संघाइतकीच एक ओळ मिळते. या मोजणीचे खरे मोल इथे आहे.

गुण कसे मोजतात

सर्वांत साधी रीत क्रमांकानुसार गुण देण्याची. एखादा खेळ १० विद्यापीठे खेळत असतील तर पहिल्याला १०, दुसऱ्याला ९, असे करत शेवटच्याला १. तिसऱ्या क्रमांकावर दोघांची बरोबरी झाली तर तिसऱ्या आणि चौथ्या जागेचे ८ आणि ७ गुण एकत्र करून प्रत्येकाला साडेसात. इथवर कोणाचे काही दुमत नसते. वाद पुढे सुरू होतात.

पहिला वाद साखळी की बाद फेरी हा. बास्केटबॉलचा संघ दोन महिने साखळी सामने खेळून पहिला येतो आणि कॉन्फरन्सच्या तीन-चार दिवसांच्या बाद स्पर्धेत पहिल्याच दिवशी हरतो. त्याला कितवा धरायचे? अनेक ठिकाणी साखळीतला क्रम प्रमाण मानतात. जलतरण, क्रॉस कंट्री अशा खेळांत साखळीच नसते, तिथे अंतिम मेळाव्याचा निकाल घेतात. माझ्या मते साखळी धरणेच न्याय्य, कारण हंगामभराच्या कामगिरीला एका वाईट संध्याकाळची शिक्षा होऊ नये.

दुसरा वाद धावण्याचा. क्रॉस कंट्री, बंदिस्त सभागृहातील ॲथलेटिक्स आणि उघड्या मैदानावरील ॲथलेटिक्स हे नियमाने तीन वेगळे खेळ आहेत. लांब पल्ल्याचे चांगले धावपटू हाती असले की तेच धावपटू तिन्हीकडे गुण आणतात. आर्कान्सॉ विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन मॅकडॉनेल यांच्या संघांनी या तिन्हींत मिळून ४० राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. बेसबॉलच्या प्रशिक्षकाला अशी संधी कधीच नसते.

तिसरा वाद सर्वांत खोल आहे: एकूण गुण धरायचे की सरासरी? समजा, एका विद्यापीठाचे १६ खेळांत मिळून ११२ गुण झाले; सरासरी ७. पुढच्या वर्षी त्याने मुलींचा नवा टेनिस संघ उभा केला आणि तो १० जणांत शेवटचा आला. बाकी सगळे जैसे थे राहिले तर एकूण गुण ११३ झाले, म्हणजे तक्त्यात फायदा. सरासरी मात्र ११३ भागिले १७, म्हणजे सुमारे ६.६५ वर घसरली. मुली त्याच, टेनिसही तेच. एका हिशेबात विद्यापीठ पुढे गेले, दुसऱ्यात मागे. एकूण गुणांची पद्धत ज्याच्याकडे जास्त संघ त्याला झुकते माप देते, म्हणजे बहुधा श्रीमंत विद्यापीठाला. सरासरीची पद्धत छोट्या विद्यापीठाला न्याय देते, पण दुबळा संघ बंद करून टाका, तक्त्यात वर जाल, असा कानमंत्रही देते. खेळणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट जास्त घातक. म्हणून काही ठिकाणी मधला मार्ग काढतात: काही खेळ सक्तीने मोजायचे आणि उरलेल्यांतले ठरावीक संख्येइतके सर्वोत्तम निकाल घ्यायचे.

कॉन्फरन्सचे करंडक

अशा अधिकृत करंडकांची खरी हौस मध्यम आकाराच्या कॉन्फरन्सना. मिड-अमेरिकन कॉन्फरन्स पुरुषांसाठी रीस करंडक आणि महिलांसाठी जेकोबी करंडक देते. सदर्न कॉन्फरन्समध्ये पुरुषांचा कमिशनर्स कप आणि महिलांचा जर्मन कप. हे जर्मन म्हणजे त्या कॉन्फरन्सचे माजी आयुक्त केन जर्मन. देशाशी संबंध नाही. सन बेल्टचा विक बूबस कप पहिल्या आयुक्तांच्या नावाने आहे. पेट्रिअट लीगचा प्रेसिडेंट्स कप बकनेल विद्यापीठाने इतक्या वेळा नेला आहे की पेनसिल्वेनियातल्या त्या लहानशा संस्थेची देशभरातली क्रीडा-ओळख बऱ्याच अंशी त्यावरच उभी आहे. बड्या कॉन्फरन्समध्ये असे तक्ते बहुतेकदा वर्तमानपत्रे आणि हौशी अभ्यासक स्वतःच मांडतात, आणि प्रत्येकाचे गणित थोडे वेगळे असल्याने एकाच वर्षाचे दोन ‘विजेते’ निघू शकतात.

कॉन्फरन्सच्या तक्त्यात काय दिसत नाही, हेही पाहायला हवे. एसईसी पुरुषांच्या सॉकरची स्पर्धा भरवत नाही, कुस्तीचीही नाही. त्यामुळे केंटकी आणि साउथ कॅरोलिना यांचे पुरुष सॉकर संघ सन बेल्टमध्ये खेळतात, तर मिझुरी आणि ओक्लाहोमा यांचे कुस्तीगीर बिग ट्वेल्व्हमध्ये झुंजतात. मिझुरीच्या कुस्तीगिरांनी कितीही पदके आणली तरी एसईसीच्या सर्वसाधारण तक्त्यात त्यांना जागा नाही. विद्यापीठाचा क्रीडाविभाग किती चांगला, या प्रश्नाला कॉन्फरन्सच्या तक्त्याने दिलेले उत्तर म्हणूनच नेहमी अपुरे असते. तरीही एका बाबतीत ते राष्ट्रीय तक्त्याहून भक्कम ठरते: इथे बहुतेक सगळे एकमेकांशी प्रत्यक्ष खेळलेले असतात.

डायरेक्टर्स कप

राष्ट्रीय पातळीवरचा मानाचा करंडक म्हणजे डायरेक्टर्स कप. महाविद्यालयीन क्रीडासंचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘यूएसए टुडे’ या दैनिकाच्या सहकार्याने तो १९९३-९४ मध्ये सुरू केला. पहिल्या वर्षी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ जिंकले. त्यानंतर १९९४-९५ पासून २०१८-१९ पर्यंत सलग २५ वर्षे हा करंडक कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डकडे गेला. २०१९-२० चे वर्ष करोनामुळे रद्द झाले. मग २०२०-२१ आणि २०२१-२२ मध्ये टेक्सस विद्यापीठ (ऑस्टिन), २०२२-२३ मध्ये पुन्हा स्टॅनफर्ड, आणि २०२३-२४ व २०२४-२५ मध्ये पुन्हा टेक्सस. खालच्या विभागांसाठीही वेगळे करंडक आहेत. तिसऱ्या विभागात मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजने आणि दुसऱ्यात मिशिगनमधील ग्रँड व्हॅली स्टेटने वर्षानुवर्षे वर्चस्व गाजवले.

इथले गुण फक्त राष्ट्रीय स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतात. ६४ संघांच्या बाद स्पर्धेत विजेत्याला १००, उपविजेत्याला ९०, उपांत्य फेरीत हरणाऱ्यांना प्रत्येकी ८३, शेवटच्या आठांत थांबणाऱ्यांना ७३, शेवटच्या सोळांत ६४, बत्तिसांत ५० आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडणाऱ्याला २५. या आकड्यांचा उतार नीट पाहण्यासारखा आहे. एका विद्यापीठाने एका खेळात अजिंक्यपद मिळवले आणि दुसऱ्या तीन खेळांत त्याला प्रवेशच मिळाला नाही, तर त्याचे गुण १००. दुसरे विद्यापीठ चारही खेळांत शेवटच्या बत्तिसांत पोहोचून हरले, तर त्याचे २००. एखादे झळकते यश मिळवण्यापेक्षा सगळीकडे बऱ्यापैकी असणे इथे जास्त फळते, आणि ते हेतुपूर्वक तसे ठेवलेले आहे. अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च गटासाठी मात्र प्रशिक्षकांच्या मतांवर ठरणारी हंगामाअखेरची क्रमवारी आधाराला घेतात.

स्टॅनफर्डच्या मक्तेदारीमागे हेच गणित होते. तिथे ३६ खेळांचे संघ होते. आधी पुरुषांचे १० आणि महिलांचे १० सर्वोत्तम निकाल मोजले जात. ज्याच्याकडे ३६ संघ आहेत त्याचे चार-पाच संघ एखाद्या वर्षी कोसळले तरी त्याला फरक पडत नसे. शिवाय पुरुषांचे जिम्नॅस्टिक्स पहिल्या विभागात जेमतेम डझनभर विद्यापीठे खेळतात, तर बास्केटबॉल साडेतीनशेहून अधिक; अजिंक्यपदाचे गुण मात्र दोन्हीकडे शंभरच. टीका वाढत गेल्यावर नियम बदलले. आता एकूण १९ खेळ मोजतात आणि त्यांपैकी पाच सक्तीचे आहेत: बेसबॉल, पुरुषांचे बास्केटबॉल, महिलांचे बास्केटबॉल, महिलांचे सॉकर आणि महिलांचे व्हॉलीबॉल. टेक्ससकडे स्टॅनफर्डपेक्षा कितीतरी कमी, वीस-एकवीसच संघ. पण त्यांतला जवळजवळ प्रत्येक संघ राष्ट्रीय पातळीवर झुंजणारा, आणि त्यामागे तेलाच्या राज्यातला अफाट पैसा. २०२०-२१ मध्ये त्यांनी रोइंग, महिलांचे टेनिस आणि पुरुषांचे जलतरण अशी तीन अजिंक्यपदे मिळवली. फुटबॉलसाठी जग त्यांना ओळखते, पण ते त्यांत नव्हते.

जुलै २०२० मध्ये स्टॅनफर्डने खर्चाचे कारण देऊन ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले. त्यांत कुस्ती, तलवारबाजी, हॉकी, पुरुषांचे व्हॉलीबॉल होते. स्क्वॉश, सेलिंग, समक्रमित जलतरण हेही होते, ज्यांना एनसीएएचे अजिंक्यपद नसल्याने डायरेक्टर्स कपमध्ये एकही गुण मिळत नसे. सलग पंचवीस वर्षे ‘सर्वांगीण’ कामगिरीचा करंडक मिरवणाऱ्या विद्यापीठाने हे करावे, याचा धक्का मोठा होता. मार्च २०२१ मध्ये सेंट लुईस येथील राष्ट्रीय कुस्ती स्पर्धेत स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ १६५ पौंड गटात विद्यापीठाचे नाव नसलेला काळा पोशाख घालून आखाड्यात उतरला आणि अजिंक्य ठरला. प्रेक्षकांतून त्याचा संघ वाचवा असा घोष होत होता. माजी खेळाडूंनी निधी उभा केला, काहींनी न्यायालयात धाव घेतली, आणि मे २०२१ मध्ये विद्यापीठाने निर्णय मागे घेतला.

मुलींचे खेळ आणि गुणांच्या वजनाचा प्रश्न

१९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी झाली आणि मुलींचे संघ वाढत गेले. एनसीएएने महिलांची अजिंक्यपदे १९८१-८२ पासून भरवली. एकत्रित करंडकात महिलांच्या खेळांना पुरुषांइतकेच गुण असल्याने, मुलींच्या संघांकडे दुर्लक्ष करणारे विद्यापीठ वर येऊच शकत नाही. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या कॅपिटल वन कपने वेगळी वाट धरली: पुरुष आणि महिला यांचे स्वतंत्र करंडक, आणि लोकप्रिय खेळातल्या विजयाला इतरांपेक्षा कितीतरी जास्त गुण. जास्त प्रेक्षक असलेल्या खेळाला जास्त वजन दिले की ही मोजणी पुन्हा टीव्हीच्या मागे चालू लागते. ज्या खेळांना मोजणीची गरज आहे, तेच त्यात मागे पडतात.

भारतातील तुलना

आपल्याकडे याच धर्तीचा सन्मान म्हणजे विद्यापीठांना मिळणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक. तो १९५६-५७ पासून दिला जातो. सुरुवातीच्या मानकऱ्यांत मुंबई विद्यापीठ होते. पुढे पंजाबातल्या विद्यापीठांनी तो जवळजवळ आपलासा केला आणि अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा जिंकला. गुणांऐवजी पदके मोजली की काय होते, याचा अनुभव पुण्याने घेतला आहे. २०२० मध्ये भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि चंडीगढचे पंजाब विद्यापीठ या दोघांचीही १७ सुवर्णपदके झाली. रौप्यपदके पंजाबकडे जास्त, म्हणून पहिला क्रमांक त्यांचा आणि दुसरा पुण्याचा.

अलीकडील बदल

कॉन्फरन्सनिहाय तुलनेचा पायाच गेल्या काही वर्षांत हलला आहे. टीव्हीच्या करारांपायी विद्यापीठांनी गट बदलले: टेक्सस आणि ओक्लाहोमा जुलै २०२४ मध्ये एसईसीत आले, यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे सदस्य झाले. जुन्या पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये त्या वर्षी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे उरली. व्हॉलीबॉलच्या मुलींना आता एका साखळी सामन्यासाठी देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला विमानाने जावे लागते, आणि गट बदलल्याने दहा वर्षांपूर्वीच्या तक्त्याशी आजचा तक्ता ताडून पाहता येत नाही. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, आणि क्रीडासंचालक तो उभा करण्यासाठी टेनिस, जलतरण, गोल्फ यांच्या खर्चाकडे पाहू लागले आहेत.