'सक्रिय श्रवण' : एका शब्दाचा गुंता

पुण्यातल्या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांत आणि हिंजवडीच्या प्रशिक्षणवर्गांत 'ॲक्टिव्ह लिसनिंग', म्हणजे समोरच्याचं मन लावून, नीट समजून घेत ऐकणं, आता रुळलं आहे. मराठीत त्याला काय म्हणायचं, हा घोळ मात्र कायम आहे.

'सक्रिय श्रवण' हा छापील प्रतिशब्द. पण श्रवण म्हटलं की आपल्याला आठवते नवविधा भक्ती. दासबोधाच्या चौथ्या दशकातला पहिला समासच श्रवणभक्तीचा. तिथे सांगणारा अधिकारी आणि ऐकणारा जिज्ञासू. इथे नेमकं उलटं आहे : ज्याच्या हाती अधिकार, त्यानेच गप्प बसून समोरच्याचं ऐकायचं. साधं 'ऐकणं' घ्यावं तर पंचाईत आणखी मोठी. 'कार्टं ऐकत नाही' ही तक्रार कानांची नसते, सांगितलेलं न करण्याची असते. 'ऐकून घेणं' जरा जवळ जातं, पण 'मी का म्हणून ऐकून घेऊ?' यात अपमान गिळणं आलं. म्हणून 'बायकोचं ऐकून तर घ्या' असं सांगितलं की नवरा फुरंगटतो. ती म्हणेल तसं वागा, असंच त्याला ऐकू येतं. मूळ कल्पनेत ना मानणं आहे, ना पटणं. समोरच्याचं म्हणणं आपल्याला जसं कळलं तसं त्याला परत सांगायचं आणि 'असंच ना?' म्हणून विचारायचं, इतकंच. माझ्या मते 'समजून ऐकणं' हा त्यातल्या त्यात बरा शब्द. तो रुळला नाही, कारण भारदस्त वाटत नाही.

कल्पनेचा जन्म कारखान्याच्या आसपासचा. शिकागोजवळच्या एका टेलिफोन-सामग्रीच्या कारखान्यात 1928 पासून वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते. कामगार भलतंच बोलू लागले, तेव्हा त्यांना हवं ते बोलू द्यायचं ठरलं. पुढे 1957 मध्ये शिकागोतल्याच दोन मानसशास्त्रज्ञांनी पर्यवेक्षकांसाठी पुस्तिका लिहिली आणि हा शब्द रूढ झाला. गाऱ्हाणं ऐकायचं आणि पगार तोच ठेवायचा, हा आक्षेप या सगळ्यावर घेतला गेला. पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

घरात ही गोष्ट समुपदेशकांमार्फत शिरली. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा 1984 चा, पुण्यातलं न्यायालय 1989 चं. खटल्याआधी समुपदेशकासमोर बसणं तिथे आलंच. पण 1998 मध्ये एका अमेरिकी अभ्यासाने खडा टाकला. 130 नवविवाहित जोडप्यांची भांडणं तपासली, तर सुखी जोडपीही असं पद्धतशीर ऐकताना क्वचितच दिसली. प्रशिक्षक या अभ्यासाबद्दल फारसं बोलत नाहीत. आणि खरंच, भर भांडणात 'म्हणजे तुला असं म्हणायचंय का, की...' हे वाक्य टाकून बघा; पुणेरी घरात त्याचं उत्तर काय येईल ते सांगायला नको.

2020 नंतर चित्र बदललं. बैठका पडद्यावर गेल्या, कॅमेरे बंद झाले. ऑक्टोबर 2022 पासून 14416 ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन सुरू आहे. नजर भिडवा, किंचित पुढे झुका, मान डोलवा, हे वर्गातले धडे फोनवर निरुपयोगी. तिथे ऐकणाऱ्याकडे उरतो तो मधूनमधून दिलेला 'हं'.