माथेरानच्या गाडीला झिगझॅग नाही

पावसाळा सरला की माथेरानची गाडी सुरू झाल्याची बातमी येते आणि ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटो फिरायला लागतात. त्यात हमखास एक फोटो दार्जिलिंगजवळच्या बतासिया लूपचा असतो. गोल फिरलेले रूळ, मधे गोरखा सैनिकांचं स्मारक, मागे हिमालय आणि खाली ओळ, 'आपली माथेरानची राणी'. दुसरा फोटो खरोखर माथेरानचाच असतो, पण त्याच्याखाली लिहिलेलं असतं, 'झिगझॅग करत चढणारी गाडी'. पहिली चूक निदान फोटो नीट पाहिला तर कळते. दुसरी प्रवासवर्णनांत, व्हिडिओंत, कधी वर्तमानपत्रांतही इतक्या वेळा छापून आली आहे की आता ती चूक वाटेनाशी झाली आहे. माथेरानच्या मार्गावर झिगझॅग नाही, लूपही नाही. त्याच्या रचनेची सगळी खुबी इथेच आहे, आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही.

माथेरान ठाणेकरांना नव्याने सांगायला नको. कर्जत लोकल, नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. नवी मुंबईतून येणाऱ्यांनी नेरूळ आणि नेरळ यांत घोटाळा करू नये, एवढंच. दोन गोष्टी मात्र ठाण्यात राहून माहीत असायला हव्यात. माथेरान १८५० साली इंग्रजांच्या नजरेत आणलं ते ह्यू मॅलेट यांनी, आणि ते तेव्हा ठाण्याचेच कलेक्टर होते. आणि ही रेल्वे सरकारने बांधलेली नाही. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, सुमारे १६ लाख रुपये, आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती उभी केली. ती रेल्वे एका मुंबईकर कुटुंबाची होती. माथेरानबद्दलच्या लेखात इको पॉइंट आणि चिक्की येते, पण पीरभॉय येत नाहीत, हे मला मनापासून खटकतं.

दार्जिलिंगची कहाणी निराळी. ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचे एजंट फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी ती योजना मांडली आणि १८८१ मध्ये गाडी दार्जिलिंगपर्यंत पोचली, म्हणजे माथेरानच्या २६ वर्षं आधी. ती सहलीसाठी बांधलेली नव्हती. चहा खाली आणायचा आणि तांदूळ वर न्यायचा, हा तिचा धंदा होता.

किरकोळ गोंधळ भराभर उरकतो. दोन्हींच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. आपल्या लोकलचं १,६७६ मिलिमीटर असतं. कालका-शिमला ७६२ मिलिमीटरची आहे. उटीची गाडी तर मीटर गेज आहे, तिला नॅरो गेज म्हणणंच चूक. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते ती उटीच्या मार्गावर. माथेरान आणि दार्जिलिंग या दोन्ही गाड्या फक्त चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर चढतात. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दार्जिलिंग १९९९ मध्ये गेली, निलगिरी, म्हणजे उटीची गाडी, २००५ मध्ये, कालका-शिमला २००८ मध्ये. माथेरान भारताने पाठवलेल्या संभाव्य यादीत आहे, मुख्य यादीत नाही. तिला 'जागतिक वारसा' लिहिणाऱ्यांनी थोडं थांबावं.

आता मूळ मुद्दा.

डोंगरावर रेल्वे न्यायची तर इंजिनिअरपुढचा पहिला प्रश्न उंचीचा नसतो, लांबीचा असतो. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आहे, माथेरान स्थानक ८०० मीटरच्या आसपास. चढायचे सुमारे ७६० मीटर. या मार्गावरचा सर्वांत कडक चढ १:२०, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. साधा गुणाकार केला तरी १५ किलोमीटर रूळ हवेत, आणि तेही सगळीकडे सर्वांत कडक चढ धरून. तसं करता येत नाही. स्थानकात रूळ जवळपास सपाट ठेवावे लागतात, आणि तीव्र वळणात गाडी जास्त अडते म्हणून तिथला चढ सौम्य ठेवावा लागतो. प्रत्यक्षात मार्ग २० किलोमीटरच्या वर गेला. नेरळ आणि माथेरान यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर याच्या निम्म्याहूनही कमी आहे. मग उरलेली लांबी डोंगराच्या अंगावर कुठे मावायची? याचं दार्जिलिंगने दिलेलं उत्तर एक आणि माथेरानने दिलेलं दुसरं.

दार्जिलिंगचे रूळ सुरुवातीला हिल कार्ट रोड या आधीच असलेल्या रस्त्याच्या कडेने टाकले. रस्त्याला जो चढ होता तोच गाडीच्या वाट्याला आला, आणि काही ठिकाणी तो बैलगाडीला जमणारा पण इंजिनाला न झेपणारा निघाला. म्हणून गाडी सुरू झाल्यावर, १८८२ मध्ये, सुकना ते गयाबारी या टप्प्यात लूप आणि झिगझॅग बांधून तो चढ सौम्य केला. प्रसिद्ध बतासिया लूप तर १९१९ चा, आणि तो घूम ओलांडून दार्जिलिंगकडे उतरताना लागतो.

झिगझॅगमध्ये काय घडतं ते नीट पाहा. गाडी चढत एका बंद टोकाशी येते. पुढे रूळ नाहीत, गाडी थांबते. मागचा सांधा बदलला जातो आणि इंजिन गाडीला उलट दिशेने, मागे ढकलत, वरच्या रुळावर चढवतं. तिथेही बंद टोक. पुन्हा सांधा बदलतो आणि गाडी पुन्हा सरळ पुढे निघते. तोवर ती जिथून आली ते रूळ बरेच खाली राहिलेले असतात. रस्ता इंग्रजी झेड अक्षरासारखा होतो आणि त्याच्या मधल्या काठीवर गाडी उलटी चालते. गाडीची दिशा बदलली नाही तर ते झिगझॅग नाही. लूपमध्ये दिशा बदलत नाही, पण रूळ पूर्ण वर्तुळ घेऊन पुलावरून स्वतःलाच ओलांडतात. रूळ स्वतःवरून गेले नाहीत तर तो लूप नाही.

आपल्याकडे हा प्रकार नव्हता असं नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी सुरू झाली तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन होतं. कर्जतहून चढणारी गाडी तिथे बंद टोकाशी थांबायची आणि दिशा बदलून पुढची चढण घ्यायची. १९२० च्या दशकाअखेर नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं. ठाण्याहून पुण्याला जाणाऱ्यांनी झिगझॅग म्हणावं ते त्याला. माथेरानला नव्हे.

माथेरानचा डोंगर सलग भिंतीसारखा नाही. त्याला सोंडा आहेत आणि दोन सोंडांच्या मधे आत शिरलेल्या घळी आहेत. इथे रूळ डोंगराच्या घडीवरूनच नेले आहेत. सोंडेच्या टोकाला वळसा, मग घळीत खोल आत, घळीच्या गळ्याशी घोड्याच्या नालेच्या आकाराचं वळण, आणि समोरच्या अंगाने पुन्हा बाहेर. घळीच्या एका काठावरून पाहिलं तर समोरच्या काठावर थोड्या वरच्या पातळीला तोच मार्ग दिसतो, ज्यावर आपण काही वेळाने असणार असतो. गाडी कुठेही थांबून उलटी फिरत नाही. रूळ कुठेही स्वतःला ओलांडत नाहीत. लागणारी जादा लांबी वळणांतूनच मिळवली आहे, आणि म्हणून नेरळपासून वरपर्यंत सरळ रेषा म्हणून फारशी सापडतच नाही. मला दोन्हींपैकी हाच मार्ग अधिक सुंदर वाटतो. लूपचा फोटो छान येतो हे खरं, पण डोंगराचा आकार ओळखून त्याच आकाराने रूळ नेणं हे जास्त कसबाचं काम आहे.

या एका फरकातून पुढचे दोन फरक निघतात. पहिला इंजिनाचा.

दार्जिलिंगचं प्रसिद्ध 'बी' वर्गाचं इंजिन फक्त चार चाकांचं आहे, दोन अॅक्सल (दोन बाजूंची चाकं जोडणारे आडवे दांडे) एकमेकांजवळ. एवढं आखूड इंजिन वळणात सहज बसतं. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून पुढच्या बफरजवळ माणसं बसून रुळांवर हाताने वाळू टाकायची आणि कोळशाजवळचा एक जण कोळसा फोडून द्यायचा. माथेरानसाठी मागवलेली चार इंजिनं जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीची होती, सहा चाकांची. तीन अॅक्सल एकाच कडक चौकटीत बसवले की ते एका सरळ रेषेत राहतात आणि नालेच्या वळणात पुढची-मागची चाकं रुळाच्या कडेवर घासत जातात. त्यावर उपाय होता क्लीन-लिंडनर रचनेचा. पहिला आणि तिसरा अॅक्सल पोकळ नळीचे. नळीच्या आत एक भरीव अॅक्सल, चौकटीला पक्का आणि इंजिनाच्या दांड्याने फिरणारा. चाकं मात्र बाहेरच्या नळीवर बसवलेली. सैल बाहीत हात फिरावा तशी ही नळी आतल्या अॅक्सलवर थोडी तिरकी होते, थोडी बाजूला सरकते आणि तरीही त्याच्याबरोबर फिरत राहते. वळण आलं की टोकाची चाकं वळणाच्या दिशेने कलतात आणि सरळ रुळावर परत जागेवर येतात. माथेरानच्या वळणांचं मोजमाप या इंजिनाच्या पोटात लिहिलेलं आहे.

इथे आणखी एक घोळ आहे. दार्जिलिंगच्या 'बी' वर्गातलं ७९४ क्रमांकाचं इंजिन नंतरच्या काळात नेरळला आणलं गेलं. त्याचे फोटो 'माथेरानचं मूळ इंजिन' म्हणून फिरतात. ओळखायची खूण सोपी आहे. बाजूने जोडलेली चाकं मोजा. एका बाजूला दोन दिसली तर ते दार्जिलिंगचं, तीन दिसली तर ते माथेरानचं जुनं.

दुसरा फरक दुरुस्तीचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

दार्जिलिंगची लाइन बहुतेक ठिकाणी रस्त्याला चिकटून आहे. दरड आली की रस्ता आणि रूळ एकत्र जातात. २०१० मध्ये पागलाझोरा इथे तेच झालं आणि सिलिगुडीपासून थेट दार्जिलिंगपर्यंतची गाडी काही वर्षं तुटलेली राहिली. रूळ टाकायचे तर आधी डोंगराचा तो भाग आणि राष्ट्रीय महामार्ग उभा राहायला हवा. पण एकदा रस्ता झाला की माल ट्रकने थेट जागेवर पोचतो.

माथेरानला उलट आहे. नेरळहून माथेरानच्या प्रवेशाजवळच्या दस्तुरी नाक्याकडे जाणारा रस्ता रुळांना ठरावीक ठिकाणीच भेटतो. बाकी सगळा मार्ग एकटा डोंगरात आहे. खडी, स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या), दगड, माणसं, सगळं रुळांवरूनच न्यावं लागतं, आणि रूळच तुटलेले असतील तर एक तुटका भाग सांधल्याशिवाय पुढच्या भागापर्यंत पोचता येत नाही. त्यात नालेच्या वळणाचा गळा म्हणजे घळीचा तळ. पावसाळ्यात ओढा तिथूनच उतरतो, थेट रुळांवर. शिवाय एकाच उतारावर वरचे रूळ आणि खालचे रूळ असले की वरचा भराव खचला तर तो खालच्या रुळांवर येतो. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग जागोजागी वाहून गेला आणि पुन्हा गाडी धावायला २००७ चा मार्च उजाडला. मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ डबे घसरण्याचे प्रकार झाले आणि गाडी बंद झाली. पूर्ण मार्गावर ती परतली जानेवारी २०१८ मध्ये. २०१९ च्या पावसाने पुन्हा घात केला आणि नेरळहून थेट गाडी सुरू झाली ती २२ ऑक्टोबर २०२२ ला. त्या दुरुस्तीत जाळीत दगड भरून उभ्या केलेल्या गॅबियन भिंती बांधल्या आणि सिमेंटचे स्लीपर टाकले. काही जुन्या रेल्वेप्रेमींना सिमेंटचा स्लीपर खुपतो. मला नाही खुपत. या मार्गाचा वारसा स्लीपरच्या जातीत नाही, रुळांच्या आखणीत आहे. ज्या दिवशी एखादी घळ टाळायला रूळ सरळ करतील, त्या दिवशी मी आरडाओरडा करेन.

म्हणूनच पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते यावर चिडणाऱ्यांशी माझं पटत नाही. दार्जिलिंगची गाडी पावसात चालते मग आपली का नाही, हा प्रश्न दोन मार्ग एक समजण्यातूनच येतो. आपल्या मार्गावर गाडी मधल्या घळीत अडकली तर प्रवाशांना उतरवून न्यायला शेजारी रस्ता नाही. पठारावर मात्र तो धोका कमी, म्हणून अमन लॉज ते माथेरान शटल पावसातही चालू ठेवता येते.

आणि या शटलमुळेच दर वर्षी माणसं फसतात. 'माथेरानची गाडी सुरू' एवढाच मथळा वाचून मुलाबाळांना घेऊन नेरळला उतरतात आणि तिथे कळतं की सुरू झाली ती फक्त वरची शटल. बातमी देणाऱ्यांनी 'नेरळहून' की 'अमन लॉजहून' हे पहिल्याच ओळीत लिहावं. तोवर ठाण्याहून निघण्याआधी गाडी कुठून सुटते ते पाहून घ्या. अमन लॉजहून असेल तर नेरळ स्थानकाबाहेर शेअर टॅक्सी धरायची, दस्तुरी नाक्याला उतरायचं आणि तिथून चालत अमन लॉज गाठायचं.